खर्डा: पेढे, पाणी आणि जेमतेम झालेली लढाई

लिहायला बसलो होतो पेढ्यांबद्दल. पण मध्येच इतिहास घुसला आणि मग त्यानेच जागा अडवली. गोड मानून घ्या (पेढ्याचा लेख आहे, गोडच मानावा लागेल).

आम्हा चार मित्रांचा एक नाद आहे. दीड-दोन महिन्यांतून एकदा कुठल्यातरी गावाबाहेर सकाळी भरपूर चालायचं आणि मग तिथला एकच पदार्थ चार दुकानांत खाऊन दहापैकी गुण द्यायचे. गुण अर्थातच एक्सेलमध्ये, कारण आयटीवाल्यांना त्याशिवाय अन्न पचत नाही. मिसळ झाली, भेळ झाली. यावेळी गाव निवडायची पाळी माझी होती. माझं गाव जामखेड, त्यामुळे मी छाती फुगवून सांगितलं, "मोहरीपासून खर्ड्यापर्यंत चालू, किल्ला बघू आणि नंतर कुंथलगिरीचे पेढे."

मोहरी का, तर निजाम तिथूनच आला होता म्हणून. मार्च १७९५ मध्ये निजाम अली खान बीदरकडून मांजरा नदीच्या काठाने येऊन मोहरीचा घाट उतरला. भांडण चौथाईच्या थकबाकीचं होतं. ग्रँट डफच्या आकड्यांनुसार निजामाकडे एक लाख दहा हजार माणूस, तर मराठ्यांकडे एक लाख तीस हजार आणि वर पेंढारी. नाना फडणवीसांनी शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन अशा सगळ्यांना एकत्र आणलं होतं. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले ते इथे शेवटचं.

लहानपणापासून हे ऐकून माझ्या डोक्यात खर्ड्याची लढाई म्हणजे तलवारींचा खणखणाट आणि रक्ताचे पाट असंच चित्र होतं. चालता चालता मित्रांना मी तेच रंगवून सांगत होतो. उन्हाळा तोंडावर आलेला. दोन्ही बाजूंना बालाघाटाचे बोडके डोंगर, ओढे कोरडे. नऊ वाजेपर्यंत आमच्या चौघांच्या बाटल्या संपल्या. तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, अडीच लाख माणसं आणि त्यांची घोडी, बैल, हत्ती. हे सगळे इथे पाणी काय पीत होते?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. घरी येऊन पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की लढाईचं उत्तरच तिथे आहे.

११ मार्चला खरी झुंज झाली. परशुरामभाऊ जखमी झाले, त्यांचा पुतण्या विठ्ठलराव पडला. निजामाकडे फ्रेंच सरदार रेमंडच्या पलटणी, तर शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ, तोही फ्रेंचच. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नव्हता. मग रात्री काय झालं ते ग्रँट डफ सांगतो. घोड्यांसाठी पाणी शोधत मराठ्यांची एक छोटी टोळी एका ओढ्यावर गेली. तिथे निजामाची माणसं होती, त्यांनी गोळ्या झाडल्या. त्या आवाजाने रेमंडचे पहारेकरी झाडू लागले आणि भरलेल्या बंदुका घेऊन झोपलेली अख्खी फळी दचकून उठून अंधारात बार काढू लागली. छावणीत हाहाकार उडाला. निजाम त्याच रात्री खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला.

१७४३ साली सुलतानजी निंबाळकरांनी बांधलेला हा भुईकोट. देखणा आहे, भक्कम आहे, पण छोटा आहे. आम्ही आतल्या विहिरीपाशी उभे राहिलो. ही एक विहीर गावगाड्याला पुरेल, बादशाही लवाजम्याला कशी पुरणार? मराठ्यांनी नुसता वेढा घातला आणि वरून तोफा डागल्या. दाणापाणी तुटलं आणि थोड्याच दिवसांत निजामाने तहाची बोलणी सुरू केली. दौलताबाद, तीन कोटी रुपये, आणि त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क मराठ्यांच्या ताब्यात. लाखांच्या फौजांच्या मानाने माणसं मेली ती फारच थोडी.

मला खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. आपल्या गावच्या अभिमानाची लढाई तहानेने जिंकली गेली होती! पण माझ्या आधी हे दुसऱ्या कोणालातरी वाटलं होतं. ग्रँट डफने नोंदवलंय की सगळे जल्लोषात असताना सवाई माधवराव उदास बसले होते. नानांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की मोगलांनी इतकी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या लोकांनी कष्टावाचून मिळालेल्या विजयाच्या बढाया माराव्यात, ही दोन्हीकडची अधोगती पाहून दुःख होतं. वय वीस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. गादीच्या भांडणात नानांनी १७९६ मध्ये त्या दिवाणाला सोडलं आणि मिळवलेलं बरंचसं परत देऊ केलं. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली. एकी आणि विजय दोन्ही दीड-दोन वर्षांत आटले.

आटण्यावरून आठवलं. पेढे!

कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच सल्लेखना घेतली. त्यांनी अन्नपाणी सोडलं त्या डोंगराच्या परिसरात आज खव्याच्या भट्ट्या पेटतात, हा योग मला बराच वेळ छळत होता. इथल्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एका भट्टीवाल्या काकांना विचारलं, "इथेच एवढा खवा का हो?" ते कढईवरून नजर न काढता म्हणाले, "पाऊस न्हाई, शेतीचा भरवसा न्हाई. जनावर हाय. दूध ऱ्हात न्हाई, खवा ऱ्हातो."

साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा. बाकीचं पाणी जातं वाफ होऊन. ज्या मुलखात पाण्यावाचून फौजा हरल्या, तिथल्या माणसांनी पाणी आटवूनच पोट भरायची युक्ती काढली. घाईने आटवला तर खालून लागतो, म्हणून तासभर हलवत राहायचं. कष्टावाचून काही नाही.

निकाल: चार दुकानं, सर्वात जास्त गुण साडेआठ, भट्टीवाल्या काकांच्या पेढ्याला. वेलदोडा कमी, खवा खरपूस, साखर बेताची. "आणि खर्ड्याच्या लढाईला किती?" मित्राने विचारलं. मी ती जागा कोरी ठेवली. तिचे गुण एका वीस वर्षांच्या पेशव्याने आधीच देऊन ठेवलेत.

असो. पुढची पाळी सोलापूरवाल्याची आहे. यावेळी बाटल्या जास्त नेणार.