सोलरसाठी लिथियम बॅटरी घेताय? आधी इन्व्हर्टर बघा

गावच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं आणि पहिल्याच लोडशेडिंगला बाबांचा फोन आला, "अरे, एवढं ऊन पडलंय, तरी घरात लाईट नाही!" पॅनल ठीक होते. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही लागतात.

बॅटरी मी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. मोबाईलमधल्या बॅटरीपेक्षा जड, पण उष्णता जास्त सहन करते आणि हजारो सायकल चालते. घरात ठेवायची वस्तू आहे, वजनाचं काय एवढं!

आता हिशोब. ५१.२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-अवर म्हणजे ५.१२ युनिट. वापरायला ४ धरा. पंखे, दिवे, वायफाय, फ्रिज मिळून सरासरी ३०० वॉट असतील तर १२ तासांच्या आसपास निघतात. गीझर विसरा.

खरी गडबड पुढे झाली. इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरचं सेटिंग लेड-ॲसिडवरच ठेवलं होतं. १६ सेलच्या पॅकची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट, आणि लेड-ॲसिडचं इक्वलायझेशन चार्जिंग त्याच्याही वर जातं. मग बॅटरीतला बीएमएस स्वतःला वाचवायला कनेक्शन तोडायचा, आणि आम्ही बॅटरीला शिव्या द्यायचो. बॅटरी टाईप बदलला, बीएमएसची कम्युनिकेशन केबल जोडली, प्रॉब्लेम संपला.

म्हणून पैसे देण्याआधी इन्व्हर्टरच्या सपोर्टेड बॅटरी लिस्टमध्ये तुमचं मॉडेल शोधा. आणि इलेक्ट्रिशियन निघायच्या आत, त्याच्यासमोरच मेन स्विच बंद करून फ्रिज चालू राहतो का बघा.