पडसें कीं फ्लू?

शाळेची वेळ व्हावी आणि नेमकी त्याच वेळीं मुलाला शिंक यावी, हा योग घरोघरीं परिचयाचा आहे. आई कपाळाला हात लावते, वडील घड्याळाकडे पाहतात, आणि प्रश्न उरतो : मुलाला शाळेंत धाडावें कीं घरीं निजवावें? प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु पडसें आणि फ्लू हे दोन निराळे रोग आहेत, हें सिद्ध करण्यास वैद्यकशास्त्राला साठांहून अधिक वर्षें लागलीं.

'इन्फ्लुएंझा' हा शब्द मूळचा इटालियन. ग्रहताऱ्यांच्या प्रभावानें हें दुखणें येतें, अशी जुनी समजूत त्यांत आहे. १८९२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनीं रोग्यांच्या कफांत एक जंतु पाहिला व तोच या रोगाचें कारण होय असें जाहीर केलें. बहुतेक विद्वानांनीं तें मानलेंही.

पुढें १९१८ सालची सांथ आली. जून महिन्यांत मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी पडले. पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. पावसाळा सरतां सरतां आलेल्या दुसऱ्या लाटेनें मात्र घरेंच्या घरें ओस पाडलीं. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. आणि फायफरचा जंतु कित्येक रोग्यांच्या ठायीं सांपडेना! प्रयोगशाळा अशी चांचपडत असतां महाराष्ट्रांतील लोकांनीं या रोगाला 'मानमोडी' हें नांव दिलें. हें दुखणें नाकापुरतें नाहीं, तें सारें अंग मोडून टाकतें, ही खूण त्या एका शब्दांत आहे.

शास्त्राचा उलगडा सावकाश झाला. १९१४ सालीं लायपझिग येथें क्रूसे यांनीं पडशाच्या रोग्याच्या नाकांतील पाणी गाळून निरोगी माणसांच्या नाकांत सोडलें. त्यांपैकीं कांहींना पडसें झालें. गाळणींतून पार होणारें हें कारण साध्या जंतूहून सूक्ष्म असलें पाहिजे, हें उघड होतें. १९३३ सालीं लंडनमध्यें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनीं मुंगसासारख्या फेरेट नांवाच्या प्राण्याला फ्लूची बाधा करून माणसाच्या फ्लूचा विषाणु हस्तगत केला. पडशाचा प्रमुख विषाणु मिळण्यास १९५६ साल उजाडलें. त्याचे दीडशेंहून अधिक प्रकार आहेत. म्हणूनच शाळकरी मुलाला वर्षांतून अनेकदां पडसें होतें.

शाळेंत या भेदाचें महत्त्व किती, तें १९७८ सालीं दिसून आलें. इंग्लंडांतील एका निवासी शाळेंत जानेवारीअखेर फ्लू शिरला आणि सुमारें दोन आठवड्यांत ७६३ मुलांपैकीं ५१२ मुलें अंथरुणाला खिळलीं. तो प्रकार १९५७ नंतर जगांतून नाहींसा झाला होता. त्यामुळें पुढें जन्मलेल्या मुलांच्या अंगीं प्रतिकारशक्ति नव्हती. २००९ सालच्या ऑगस्टांत नव्या फ्लूनें पुण्यांत एका शाळकरी मुलीचा बळी घेतला. तो देशांतील पहिला मृत्यु होता. शहरांतील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

या इतिहासांतून घरांत उपयोगी पडणाऱ्या खुणा अशा : पडसें हळूहळू चढतें, घसा खवखवतो, नाक वाहतें, शिंका येतात, ताप असला तर बेताचा. मूल कुरकुरतें, पण खेळतें आणि खातें. फ्लू अकस्मात् येतो. सकाळीं हुंदडणारें मूल सायंकाळीं थंडी, कडक ताप, डोकेंदुखी व अंगदुखी यांनीं आडवें होतें. कोरडा खोकला येतो. मुलांत वांतीही होते. तथापि पहिल्या दिवशीं जाणत्या डॉक्टरांनाही तपासणीवांचून खात्री देतां येत नाहीं. अशा तापांत मुलाला ॲस्पिरिन देऊं नये. १९६३ सालीं वर्णिलेला, मेंदू व यकृत यांना ग्रासणारा 'राय' यांच्या नांवाचा रोग त्याशीं निगडित असल्याचें पुढें आढळलें. श्वास जलद चालणें, ओठ निळसर होणें, मूल सुस्त पडणें किंवा उतरलेला ताप पुन्हां चढणें, यांपैकीं कांहीं दिसतांच डॉक्टरांकडे धांव घ्यावी.

शाळेचा बुडालेला धडा पुढच्या आठवड्यांत भरून निघतो. तापलेलें मूल वर्गांत बसविलें तर त्याच्याबरोबर बाकावरचीं शेजारचीं मुलें आणि त्यांच्या घरचीं म्हातारीं माणसेंही आजारी पडतात. म्हणून शंका असेल त्या दिवशीं मूल घरींच निजवावें, हेंच शहाणपणाचें.