सेल्बर्नची दैनंदिनी आणि १७८३ चे धुके

हॅम्पशर परगण्यातील सेल्बर्न या इंग्लिश खेड्याचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) याने १७६८ पासून आयुष्याच्या अखेरपर्यंत निसर्गाची दैनंदिनी लिहिली. त्याचा स्नेही डेन्स बॅरिंग्टन याने आखून दिलेल्या वह्यांत उष्णतामान, वायुभार, वारा, पर्जन्य, फुलांचा बहर, पक्ष्यांचे आगमन यांसाठी स्वतंत्र रकाने असत. शेवटचा रकाना संकीर्ण नोंदींचा.

१७८३ च्या उन्हाळ्यात एका चमत्कारिक धुक्याने सूर्य निस्तेज झाला. २३ जून ते २० जुलैपर्यंत ते टिकले, वाऱ्याची दिशा बदलली तरी हटले नाही, उष्मा असह्य झाला, मांस एका दिवसात नासू लागले, माशांनी घोडे बेजार झाले, असे व्हाइटने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. कॅलाब्रिया व सिसिली येथील भूकंपांचाही तो तेथे उल्लेख करतो. खरे कारण मात्र त्यास उमगले नाही. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी येथे भूमी दुभंगून ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता व त्यातील गंधकयुक्त वायू युरोपभर पसरला होता. खुद्द आइसलंडची सुमारे पंचमांश प्रजा त्यानंतरच्या दुष्काळात नष्ट झाली.

नासलेले मांस व माशा या नोंदी कोणासही क्षुल्लक वाटाव्यात. परंतु कारण ठाऊक नसतानाही व्हाइटने त्या गाळल्या नाहीत, म्हणूनच त्या आज साधन ठरतात. जुन्या दैनंदिन्या चाळताना संशोधकाने संकीर्णाचा रकाना सर्वांत शेवटी वाचावा, पण वगळू नये.