टेक्सासच्या दप्तराची कुळकथा

टेक्सास मेक्सिकोतून फुटून निघाला तो २ मार्च १८३६ रोजी. १९ फेब्रुवारी १८४६ ला अमेरिकेत सामील होऊन ते प्रजासत्ताक संपलंही. दहा वर्षांचा कारभार, पण त्याचे कागद आज ऑस्टिन शहरात जपलेले आहेत. त्याचं मोठं श्रेय मी एका खाणावळवालीला देतो.

१८४२ साली मेक्सिकन फौजेने सॅन अँटोनियो दोनदा घेतलं. राजधानी ऑस्टिन वस्तीच्या अगदी टोकाला, म्हणून राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टनने दप्तर हलवायचा हुकूम दिला. दप्तर गेलं की राजधानीही गेली, हे गावकरी ओळखून होते. ३० डिसेंबरला ह्यूस्टनची माणसं जमीन कचेरीसमोर गाड्यांत कागद भरू लागली. खाणावळ चालवणाऱ्या अँजेलिना एबर्लीबाईंच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी गावातली तोफ सरळ डागली. गोळा कचेरीवर आदळला; माणूस मात्र कुणी दगावला नाही. गाव धावून आलं. गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ब्रशी क्रीककाठच्या केनीच्या गढीपाशी त्यांना गाठून गावकऱ्यांनी दप्तर परत आणलं.

एवढी तळमळ कशासाठी? सरकारची तिजोरी रिकामी, त्यामुळे शिपायाला मोबदला मिळे तो जमिनीच्या रूपाने. त्या सनदा या दप्तरात होत्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर जीव असतो, तसाच तिथल्या लोकांचा या कागदांवर होता.

मोठ्या नावाच्या कागदांच्या वाट्याला इतकी काळजी आली नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची मूळ प्रत वॉशिंग्टनला गेली आणि तिथल्या परराष्ट्र खात्यात पडून राहिली. परतली ती १८९६ मध्ये. मेक्सिकन फौजेच्या वेढ्यात सापडलेल्या अलामो गढीतून तिथला सेनानी ट्रॅव्हिस याने २४ फेब्रुवारी १८३६ ला लिहिलेलं पत्र त्याच्या वंशजांकडे होतं. १८९३ मध्ये राज्याने ते अवघ्या ८५ डॉलरला विकत घेतलं.

पुढे याच कागदांना संग्राहकांच्या बाजारात भाव आला आणि भावामागून बनावट माल आला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला तेव्हा त्याची छापील पत्रकंही निघाली होती. एरवी दुर्मीळ असलेली ही पत्रकं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक विक्रीला येऊ लागली. ग्रंथालयांनी, संग्रहालयांनीही ती घेतली. ऑस्टिनचे मुद्रक टॉम टेलर यांनी प्रती शेजारी-शेजारी ठेवून मापल्या. काहींचा मजकूर किंचित लहान भरला, अक्षरांच्या कडाही पसरट दिसल्या. फोटोवरून ठसा करून छापलेल्या त्या नकला होत्या. टेलर यांचा हा शोध १९९१ मध्ये पुस्तकरूपाने आला. बऱ्याच नकलांच्या मागे जुन्या मालकांची साखळीच नव्हती, हे खरं तर आधीच खटकायला हवं होतं.

तुमच्या घरी जुनी सनद, पत्र, पावती असेल तर ती कुणाकडून, कधी आली हे आजच वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. मूळ कागदावर मात्र काही लिहू नका.