संप, लंडन आणि माझे तीन एंजलफिश

गेल्या महिन्यात एका गुरुवारी लाईट गेली. मी ऑफिसात. दुपारी खालच्या काकूंचा फोन: "अरे, तुझा समुद्र आमच्या हॉलमध्ये उतरलाय, लवकर ये!"

झालं असं, की माझ्या चार बाय दोन फुटी फिशटँकखाली मी संप बसवला होता. (कामगारांचा नव्हे. खालची टाकी, तो संप.) सोसायटीत असते तीच सिस्टिम: खालची टाकी, वरची टाकी, मधे पंप. वरचं पाणी काठावरून सांडून पाइपने खाली येतं, तिथे स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्यांमधून फिरतं, आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. पंप बंद पडला की काठावरून सांडणंही बंद. इतपत विचार मी केला होता. पण परतीच्या पाइपचं तोंड मी पाण्यात चार इंच खोल ठेवलेलं. पंप थांबला आणि तोच पाइप सायफन होऊन उलटा वाहायला लागला. माझ्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे जवळपास १९ लिटर. चार इंचांचे ७६. संपमध्ये रिकामी जागा ३० लिटरची. उरलेलं काकूंकडे. टेस्ट न करता रिलीज केलं की काय होतं यावर मी ऑफिसात ज्युनियर पोरांना लेक्चर देतो. असो.

पूर आवरल्यावर खरी चूक केली. संप रिकामा झालाच आहे तर म्हणून सगळे स्पंज, सगळ्या नळ्या नळाखाली धरून चकाचक धुतल्या. चौथ्या दिवशी पहिला एंजलफिश गेला. आठवड्यात तीन. पाणी मात्र काचेसारखं नितळ! मग मेले कशाने? हे शोधता शोधता मी १८४६ सालच्या लंडनला जाऊन पोचलो.

त्या वर्षी अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणलं. खारं पाणी रोज कुठून आणणार? म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगलं. म्हणजे घरगुती अ‍ॅक्वेरियमचा पहिला पंप ही एक मुलगी होती.

पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं, की मासे सोडतात तो वायू वनस्पती घेतात आणि ऑक्सिजन परत देतात. हिशोब जुळला, पाणी बदलायची गरज नाही! १८५३ मध्ये लंडनच्या झूमध्ये फिश हाउस उघडलं, १८५४ मध्ये गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि दिवाणखान्यांतून फिशटँकची लाट उसळली. दहा-एक वर्षांत ओसरलीही. बहुतेकांचे मासे मेले. माझ्यासारखेच.

आता आमचा हीरो. विल्यम अल्फर्ड लॉइड. रीजंट्स पार्कजवळ त्याचं अ‍ॅक्वेरियमचं दुकान होतं, ते बुडालं. पण दुकानदारीत त्याला एक गोष्ट कळली होती, की नुसत्या वनस्पतींच्या भरवशावर मोठं काम होत नाही, पाणी फिरलं पाहिजे. आधी हॅम्बर्गला १८६४ मध्ये, मग १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने ते करून दाखवलं. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्यांच्या कितीतरी पट मोठा, अंधारा हौद. अंधारात शेवाळ धरत नाही. पंप सतत चालू, आणि पाणी टाकीत शिरताना हवा ओढून नेणार. माझ्या कपाटातला संप हाच, फक्त वाफेच्या इंजिनाऐवजी चाळीस वॅटचा पंप. नेपल्सला अँटन डोर्नने १८७४ मध्ये अ‍ॅक्वेरियम उघडलं, त्यालाही लॉइडचाच सल्ला होता.

पाणी फिरवून ऑक्सिजन मिसळला की घाण जळून जाते, असं लॉइडचं म्हणणं. काम चोख चालायचं. कारण मात्र अर्धंच बरोबर होतं.

उरलेलं अर्धं गटारात सापडलं! १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स यांनी वाळू आणि खडूच्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की ते बंद. म्हणजे काम करणारं जे काही होतं ते जिवंत होतं. हे वाचून इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत एक केमिस्ट या मागे लागला आणि हे दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात हे त्याने दाखवलं. (ते वेगळे काढायला १८९० मध्ये विनोग्राड्स्की यावा लागला.) या केमिस्टचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा! बापाचा प्रयोग चालू होता तेव्हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा. बापाच्या भांड्यातल्या काचेवर आणि वाळूवर जे जीव बसले असणार, ते मुलाला शेतातल्या मातीत भेटले. लॉइड १८८० मध्येच वारला.

आणि मी? अमोनिया खाणारी ती सगळी वस्ती क्लोरीनच्या पाण्याने धुऊन गटारात सोडली. पाणी नितळ दिसत होतं, कारण अमोनिया दिसत नाही.

आता स्पंज टँकच्याच पाण्यात हलकेच पिळतो, एका वेळी एकच. नव्या वस्तीला महिनाभर दिला, तोवर एकही नवा मासा आणला नाही. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली तीन मिलिमीटरचं भोक पाडलंय. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो.

परवाच्या गुरुवारी मुद्दाम सुट्टी टाकून बादली घेऊन टँकपुढे बसलो. सव्वाअकराला लाईट गेली. संप काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबला. काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, "बरं झालं. आता आमच्या छताला रंग कधी लावतोस ते सांग."