मेगावॉट मोजायचे की युनिट?

सरकारने सवलत दिली, पवनचक्क्या वाढल्या, म्हणजे योजना यशस्वी. इतकं सोपं असतं तर त्यावर पीएचडी करायची गरजच नव्हती.

भारतातल्या पवनऊर्जेचा इतिहास बघा. १९९०च्या दशकात गुंतवणूकदारांना वेगवर्धित घसारा मिळायचा. म्हणजे पवनचक्कीची १०० टक्के किंमत पहिल्याच वर्षी करपात्र नफ्यातून वजा. पुढे हा दर ८० टक्क्यांवर आला. त्यामुळे वीजधंद्याशी संबंध नसलेल्या, पण भरपूर नफा असलेल्या कंपन्यांनीही पवनचक्क्या घेतल्या. साताऱ्यातलं वनकुसवडे-चाळकेवाडीचं पठारही याच सवलतीच्या काळात पवनचक्क्यांनी भरू लागलं. पण सवलत यंत्रावर होती, ते किती फिरलं यावर नव्हती.

म्हणून डिसेंबर २००९ मध्ये निर्मितीआधारित प्रोत्साहन आलं: ग्रिडला दिलेल्या दर युनिटमागे ५० पैसे. अट एकच, घसारा घ्या किंवा हे घ्या, दोन्ही नाही.

आता वाटेल, तुलना आयतीच मिळाली. दोन्ही गटांची वीज मोजली की झालं! पण हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. घसाऱ्याचा फायदा घ्यायला आधी मोठा नफा लागतो. फक्त वीज विकायला निघालेल्या नव्या कंपनीकडे तो नसतो, म्हणून ती ५० पैसे निवडते. आणि वीज विकूनच जगायचं असल्यामुळे ती जागाही पारखून घेणार. मग जास्त वीज योजनेमुळे मिळाली की मालकामुळे?

बरं, 'आधी आणि नंतर' अशी तुलना करू. मार्च २०१२ अखेर दोन्ही सवलती एकदम थांबल्या. २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती, पुढच्या वर्षी सुमारे १,७००. परिणाम दिसतो, पण नेमका कोणत्या सवलतीचा? शिवाय मुदत संपायच्या आत उरकलेले प्रकल्प पहिला आकडा फुगवतात आणि दुसरा खाली ओढतात. नंतर प्रोत्साहन २०१३ मध्ये आणि घसारा २०१४ मध्ये परत आला. दोघांचा परिणाम वेगळा काढायला थोडी जागा मिळते ती या अंतरात.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी आधी ठरवा: काय मोजणार, लाभ कोणी निवडला, आणि तारखा कुठे बदलल्या. घसाऱ्याची सवलत सरकारच्या खर्चात दिसत नाही. तो उशिरा येणारा कर असतो. पैसा मात्र लोकांचाच. त्यातून वीज किती मिळाली, हे विचारायलाच हवं.