बालवीरांचा गौरव आणि अनुमोदनेचे पुण्य

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सेवाभावी व्यक्तींचे सत्कार होत आहेत, ही आनंदाची बाब आहे. या निमित्ताने आपल्या देशात बालवीरांच्या गौरवाची परंपरा कशी सुरू झाली, याचे स्मरण करावेसे वाटते.

दि. २ ऑक्टोबर १९५७. दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू कार्यक्रम पाहण्यास उपस्थित होते. मान्यवरांच्या कक्षात हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा स्काउट स्वयंसेवक म्हणून कर्तव्यावर होता. अकस्मात शामियान्याला आग लागली. शामियान्याचे कापड एकदा पेटले की ज्वाला किती वेगाने पसरते, हे आम्हा कापड व्यापाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. आग विझवण्यापेक्षा पेटलेला भाग तोडून वेगळा करणे हाच अशा वेळी उपाय. हरिश्चंद्राने नेहमीचे प्रसंगावधान राखले. पंडितजींना सुरक्षित बाहेर नेल्यावर तो परतला, सुमारे वीस फूट उंच खांबावर चढला आणि स्काउटच्या चाकूने जळते कापड कापून काढले. या प्रयत्नात त्याचे हात भाजले.

या घटनेने पंडितजी प्रभावित झाले. भारतीय बालकल्याण परिषदेच्या वतीने शूर बालकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला व १९५८ साली हरिश्चंद्रास तो पंडितजींच्या हस्ते मिळाला. आज केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारातही शौर्य हा एक प्रवर्ग आहे.

हे धैर्य एका दिवसात येत नाही. लॉर्ड बेडन पॉवेल यांनी १९०७ साली वीस मुलांच्या शिबिरातून ही चळवळ सुरू केली. दररोज एक तरी सत्कृत्य करावे, हा तिचा पाठ. आपल्याकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीद्वारे तिला राष्ट्रीय वळण दिले. दि. ७ नोव्हेंबर १९५० रोजी विविध संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था झाली. त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता.

या कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हरिश्चंद्राचे पुढील आयुष्य सरकारी कार्यालयातील कारकुनीत गेले. पदक कपाटात राहिले, लोक विसरले. सत्कार एका दिवसाचा असतो. मुलाच्या शिक्षणाचा व भवितव्याचा भार मात्र अनेक वर्षांचा असतो.

आपल्या धर्मात वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तप मानले आहे. करणे आणि करविणे यांच्याबरोबरच अनुमोदना करणाऱ्यासही पुण्याचा वाटा मिळतो. गुणीजनांना पाहून आनंद होणे ही प्रमोद भावना. परंतु आपली अनुमोदना बहुधा देणगीदारांच्या नामफलकावरच थांबते. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत संग्रामपूर तालुक्याने जलप्रलय अनुभवला. अशा प्रसंगी धावून जाणाऱ्या कोवळ्या हातांची नोंद आपल्या वहीत किती असते?

म्हणून नम्र सूचना अशी की, ट्रस्टने दरवर्षी तालुक्यातील सेवाभावी मुला-मुलींची, जातिधर्माचा भेद न करता, नोंद ठेवावी व शाल-श्रीफळाऐवजी त्यांच्या शिक्षणाची काही जबाबदारी घ्यावी. सुवर्णमहोत्सवाचे खरे सोने तेच ठरेल.

जय जिनेंद्र!